निर्वातातला डिस्चार्ज: लेसर नुसती काडी लावतो का?

ऋणाग्र: लेसरने सुरू होणाऱ्या निर्वात-डिस्चार्जबद्दल (निर्वातात ऋणाग्र आणि धनाग्र यांच्यामध्ये वीज वाहण्याबद्दल) बोलताना लेसरला 'ट्रिगर', म्हणजे नुसती सुरुवात करून देणारा, म्हटलं की विषय संपतो. मला ते अजिबात पटत नाही. 10⁻³ पास्कलला हवेचा रेणू दुसऱ्यावर आदळेपर्यंत काही मीटर जातो, आणि अग्रांमधलं अंतर असतं 5 मिलिमीटर. पाशेनचा नियम (वायूचा दाब आणि अग्रांमधलं अंतर यांवरून ठिणगीचं व्होल्टेज सांगणारा) इथे उपयोगाचा नाही, कारण आयनीभवन व्हायला वायूच नाही. प्लाझ्मा होतो तो ऋणाग्राच्या धातूचा, आणि सुरुवातीचा धातू उडवतो लेसर. मग पुढचं सगळं तोच ठरवतो असं का म्हणू नये?

कपॅसिटर: साफ असहमत. हिशेब करून बघा. डिस्चार्जला वीज पुरवणारा कपॅसिटर 0.4 मायक्रोफॅराड, 15 किलोव्होल्ट: 45 जूल. लेसरची पल्स 50 मिलिजूल, म्हणजे 900 पट कमी. शिवाय 10 किलोअँपिअर प्रवाह 0.1 मिमी त्रिज्येत आला की कडेला 20 टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र, म्हणजे जवळजवळ 1,600 वातावरणांचा दाब. प्लाझ्मा आवळतो तो हा दाब. हा दाब आणि प्लाझ्माचा स्वतःचा दाब यांचा तोल भौतिकशास्त्रज्ञ बेनेटने 1934 मध्येच मांडलाय. प्लाझ्माचा स्तंभ जिथे किंचित बारीक, तिथे क्षेत्र जास्त, म्हणून तो आणखी बारीक होतो आणि तिथेच मान पडते. यात लेसर कुठे आला?

ऋणाग्र: मान पडते हे मान्य. पण *कुठे* पडते? जिथे आधीच धातू विरळ आहे तिथे, आणि ती मांडणी लेसरची. आमच्या चेंबरमधलं सांगतो. एकाच जागी काहीशे शॉट मारल्यावर खड्डा खोल गेला आणि धातूचा झोत अरुंद झाला. व्होल्टेज तेच, कपॅसिटर तोच, पल्सची ऊर्जाही तीच. तरी ऑसिलोस्कोपवर प्रवाहाच्या आलेखातली खाच (मान पडल्याची खूण) उशिरा यायला लागली, दर शॉटला वेगळ्या वेळी. लक्ष्य (लेसर पडतो तो धातू) 1 मिमी सरकवलं आणि खाच जागेवर आली. त्या दिवसापासून 'नुसता ट्रिगर' हे शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत.

तिसरा_आयन: दोघांनीही इलेक्ट्रॉनांचा दाब विसरू नये. तांब्याच्या निर्वात-आर्कमध्ये व्होल्टेज वीसेक व्होल्ट, पण आयन 50 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर ऊर्जा घेऊन *धनाग्राकडे* जातात, म्हणजे धन आयनांना क्षेत्र ओढतं त्याच्या उलट. ऋणाग्राजवळच्या दाट प्लाझ्मातला दाब त्यांना ढकलतो.

कपॅसिटर: खड्ड्याचा मुद्दा वजनदार आहे. 13.5 नॅनोमीटरच्या अतिलघु-तरंग अतिनील प्रकाशासाठी फिरत्या चकत्यांवर वितळलेलं कथील ठेवतात, म्हणजे दर शॉटला पृष्ठभाग ताजा, ते याचसाठी. तरी ऊर्जेबद्दल मी माघार घेत नाही: मान कुठे पडेल हे लेसर सांगेल, ती किती तापेल हे प्रवाहच. आणि लक्ष्य सरकवताना अग्रांमधलं अंतर बदललं नव्हतं ना?

ऋणाग्र: नाही, लक्ष्य आडवं सरकवलं होतं. पण अंतर मोजलं ते शॉट सुरू करण्याआधी. पुढच्या वेळी नंतरही मोजतो आणि इथेच आकडा टाकतो.