मॉरिशसमध्ये कॅटमरानची दिवसभराची सहल : चौदा जणांनी कोणते बेट निवडावे?

चांदणवेल (प्रश्न)

नमस्कार. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही घरचे चौदा जण मॉरिशसला जात आहोत. मुक्काम पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक आँ फ्लाक येथे आहे. बाकीचे सगळे ठरले आहे; अडले आहे ते एका दिवसापाशी. सर्वांनी मिळून कॅटमरानने, म्हणजे शेजारी जोडलेल्या दोन तळांच्या शिडाच्या बोटीने, एखाद्या बेटावर जावे, पाण्यात खेळावे, तेथेच जेवावे आणि संध्याकाळपर्यंत परतावे, असा बेत आहे. त्यासाठी इल ओ सेर्फ, इल ओ बेनितिए आणि इलो गाब्रिएल अशी तीन नावे पुढे आली आहेत. तिन्हींची छायाचित्रे मात्र सारखीच दिसतात : पांढरी वाळू, निळे पाणी आणि बोटीच्या जाळीवर पाय पसरून बसलेली माणसे. माझे दीर गाब्रिएलसाठी हटून बसले आहेत, कारण त्यांच्या मित्राने तेथली चित्रफीत पाठवली आहे.

आमच्या गटाविषयी थोडे सांगते. सासूबाई ७४ वर्षांच्या असून दोन वर्षांपूर्वी त्यांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. त्या चालतात, पण उंच पायरी चढवत नाही. मुले ६ आणि ९ वर्षांची आहेत. मोठ्या जाऊबाईंना गेटवेहून मांडव्याला जातानासुद्धा बोट लागते. पाच जण शाकाहारी, त्यांतले दोघे कांदा-लसूणही खात नाहीत. नीट पोहता येणारे तिघेच. बेट कोणते निवडावे, इतर प्रवाशांबरोबर जावे की बोट स्वतंत्र घ्यावी, आणि पैसे भरण्यापूर्वी काय काय विचारून घ्यावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तरायण

नोकरीनिमित्त मी तीन वर्षे मॉरिशसला राहिलो आणि आल्यागेल्या पाहुण्यांना घेऊन या तिन्ही फेऱ्या इतक्या वेळा केल्या की शेवटी बोटीवरची मंडळी मला नावाने हाक मारू लागली होती. त्या आधारावर सांगतो : छायाचित्रे बाजूला ठेवा आणि आधी वारा कोठून येतो ते पाहा.

मॉरिशस दक्षिण गोलार्धात, साधारण २० अंशांवर आहे, त्यामुळे ऑगस्ट म्हणजे तेथला हिवाळा. थंडी नावापुरती असते, पण या महिन्यांत आग्नेयेकडून वाहणारे व्यापारी वारे वर्षातले सर्वांत जोरकस असतात. पूर्व किनारा थेट या वाऱ्याच्या तोंडावर येतो, तर पश्चिम किनाऱ्याला बेटाच्या मधल्या डोंगरांचा आडोसा मिळतो. दुसरी गोष्ट प्रवाळाच्या भिंतीची. ही भिंत जवळजवळ सगळ्या बेटाला वेढून आहे. तिच्या आतल्या उथळ, शांत पाण्याला लगून म्हणतात आणि तिच्या बाहेर एकदम मोकळा हिंदी महासागर सुरू होतो. फेरी लगूनच्या आतून जाते की बाहेरून, एवढ्या एका प्रश्नाच्या उत्तरावर तुमच्या जाऊबाईंचा दिवस कसा जाणार हे ठरेल.

इलो गाब्रिएलची बोट उत्तरेकडच्या ग्राँ बे येथून सुटते आणि क्वँ द मीर या उभ्या कड्याच्या बेटाजवळून मोकळ्या समुद्रात जाते. एका बाजूचा प्रवास दीड तासाच्या आसपास होतो. जाताना वारा पाठीशी असल्याने फारसे जाणवत नाही. परतताना तोच वारा समोरून येतो, बोट लाटांवर आपटते आणि पुढच्या जाळीवर बसलेले सगळे चिंब होतात. क्वँ द मीरच्या कड्यांत घरटी करणारे लांब शेपटीचे पांढरे पक्षी पाहायला मिळतात आणि गाब्रिएलभोवतालचे पाणी खरोखर सुंदर आहे, त्यामुळे तुमच्या दिरांचा आग्रह अगदीच अनाठायी नाही. पण तो आग्रह नोव्हेंबरमध्ये मोठ्या माणसांनी पुरा करावा. ऑगस्टमध्ये या गटाला घेऊन मी जाणार नाही.

इल ओ सेर्फ पूर्व किनाऱ्याला, त्रू दो दूस गावासमोर आहे. नावाचा अर्थ हरणांचे बेट. डचांनी १६३९ मध्ये जावाहून मॉरिशसला हरणे आणली होती. आता त्या बेटावर हरणांऐवजी गोल्फचे मैदान आहे. फेरीचा बराच भाग लगूनमध्ये होत असल्याने वारा असूनही लाटा लहान राहतात. मात्र तुमच्या मुक्कामापासून तेथवर सगळे बेट आडवे ओलांडून दीड तास मोटारीने जावे लागेल आणि तेवढाच वेळ परतीला. शिवाय या फेरीत आग्नेयेकडच्या नदीच्या मुखाशी असलेला धबधबा दाखवतात. तेथे कॅटमरान जात नाही, वेगवान मोटरबोटीत बसवतात, आणि ती बोट पाण्यावर असे दणके देते की शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याने त्यात मुळीच बसू नये. ज्यांना जायचे नाही त्यांनी कॅटमरानवर थांबायची सोय आहे का, हे आधीच विचारून घ्यावे.

राहिले इल ओ बेनितिए. हे नैर्ऋत्येला, ल मोर्नच्या डोंगराजवळ आहे आणि बोटी रिविएर न्वारच्या परिसरातून सुटतात, म्हणजे तुमच्यापासून अर्ध्या-पाऊण तासावर. सकाळी तामारँच्या उपसागरात डॉल्फिन दिसतात, मग बोट लगूनमध्ये येते, पाण्यातून वर आलेल्या एका प्रवाळखडकाजवळ थांबते आणि दुपारी बेटापाशी नांगर टाकते. समोर ५५६ मीटर उंचीचा ल मोर्न उभा असतो. पळून आलेल्या गुलामांनी याच डोंगराचा आसरा घेतला होता, म्हणून २००८ पासून तो जागतिक वारसा स्थळांच्या यादीत आहे. डॉल्फिनचा टप्पा प्रवाळभिंतीबाहेर होतो आणि हिवाळ्यात दक्षिणेकडच्या समुद्रातून येणारी लांब लाट तेथे कधी कधी पोहोचते, तेव्हा तो तासभर जाऊबाईंना सांभाळावे लागेल. त्यानंतर दिवस आरामाचा. ल मोर्नजवळचा प्रसिद्ध 'पाण्याखालचा धबधबा' बोटीतून दिसेल अशी आशा मात्र ठेवू नका. उतारावरून सरकणाऱ्या वाळूमुळे होणारा तो दृष्टिभ्रम आहे आणि तो केवळ आकाशातूनच दिसतो.

तुमच्या गटासाठी माझे मत बेनितिएला. मांडव्याचा उल्लेख केलात म्हणून एक खुलासा करतो : ती कॅटमरान म्हणजे बंद खिडक्यांची प्रवासी बोट, ही उघडी आणि शिडाची. दोन सांगाडे, म्हणजे पाण्यात तरंगणारे तळ, शेजारी जोडलेले असल्याने ती शिडाच्या साध्या बोटीसारखी एका कुशीवर कलत नाही आणि उथळ पाण्यातही शिरू शकते. शब्द मूळचा तमिळ, 'कट्टुमरम्', म्हणजे एकत्र बांधलेली लाकडे. शीड मात्र पुष्कळदा छायाचित्रापुरतेच उभारतात; बराचसा प्रवास इंजिनावर होतो.

माजघर

वाऱ्याविषयी वर उत्तम लिहिले आहे. मी केवळ बोटीतून उतरण्याविषयी लिहिते, कारण आमची सहल तेथेच बिघडली.

आम्ही ७१ वर्षांच्या आईला घेऊन गेलो होतो. 'बेटावर जेवण' असे कागदावर लिहिलेले होते आणि बेट म्हणजे धक्का, धक्का म्हणजे पायऱ्या, असे आम्ही धरून चाललो. प्रत्यक्षात कॅटमरान बेटापासून बरीच दूर उभी राहिली. तेथून शिडीने खाली हलत्या छोट्या होडीत उतरायचे, होडी वाळूजवळ गेली की कडेवरून पाय टाकून गुडघाभर पाण्यात उभे राहायचे, आणि परतताना हेच सगळे उलट क्रमाने करायचे. आईने होडीकडे एकदा पाहिले आणि ती मुकाट्याने परत जाऊन बसली. तिच्यासोबत मी थांबले. जेवणाचे सामान होडीतून पुढे गेलेले होते, त्यामुळे आम्हा दोघींचे ताट आले तेव्हा तीन वाजायला आले होते. बोटीवरची मुले प्रेमळ होती, त्यांचा दोष नव्हता; आरक्षण करणाऱ्या मध्यस्थाने आम्हाला हे सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारा : किनाऱ्यावरून बोटीत चढायला धक्का आहे की पाण्यातून जावे लागते, बेटावर कसे उतरवतात, जेवण बोटीवर वाढतात की बेटावर, सावलीतली बाकडी किती आहेत आणि शौचालयापर्यंत किती पायऱ्या उतराव्या लागतात. हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण कॅटमरानवरची शौचालये बहुधा खालच्या सांगाड्यात असतात आणि तेथला जिना अरुंद व उभा असतो. ज्या बोटीवर जेवण वाढतात, ती घ्या. सासूबाई बसल्या जागी समुद्र पाहतील आणि मुले पाण्यात डुंबून येतील.

स्वतंत्र बोट घ्यावी का? चौदा जणांना ती माणशी महाग पडते, पण 'डॉल्फिनचा टप्पा गाळा', 'अर्धा तास लवकर परतू' असे म्हणण्याचा अधिकार त्याच पैशांत मिळतो. वयस्कर माणूस आणि बोट लागणारी व्यक्ती, दोन्ही बरोबर असतील तर मी तरी ते पैसे खर्च करीन.

पानसुपारी

शाकाहाराविषयी. या सहलींचे जेवण म्हणजे बोटीच्या मागच्या बाजूला लावलेली शेगडी, तिच्यावर भाजलेली कोंबडी आणि मासे, सोबत भात किंवा पास्ता, कोशिंबिरी आणि लसूण लावलेला पाव. मॉरिशसमध्ये हिंदू लोकवस्ती मोठी असल्याने शाकाहार म्हणजे काय हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. आगाऊ सांगितले की शाकाहारी ताट मिळते. अडचण शेगडीची आहे. भाज्या त्याच जाळीवर भाजल्या जातात, बहुधा त्याच चिमट्याने. ज्यांना हे चालणार नाही त्यांच्यासाठी अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून भाजायला सांगता येते. कांदा-लसूण न खाणाऱ्या दोघांनी मात्र डबाच न्यावा, कारण कोशिंबिरीतही कांदा असतो. आम्ही घरून दशम्या आणि कोरडी चटणी नेली होती. दुपारी मांसाहारी मंडळीच त्यावर तुटून पडली.

बाहेरचे खाद्यपदार्थ बोटीवर चालतील का, हे आरक्षणाच्या वेळी विचारा. रम आणि बिअर बहुतेक सहलींत भाड्यातच असतात आणि इतर प्रवाशांबरोबरच्या बोटीवर दुपारनंतर संगीताचा आवाज वाढत जातो. लहान मुले आणि आजी बरोबर असताना स्वतंत्र बोटीच्या बाजूने हेही एक कारण धरावे.

दर्यादेश

मी मॉरिशसचाच. आमच्या घरी क्रिओल ही येथील बोली बोलतात, मराठी मी शाळेत आणि पुढे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत शिकलो. चुका झाल्यास सांभाळून घ्यावे.

आम्ही येथील लोक सुट्टीच्या दिवशी डबे, गाद्या, रवान्न हे चामड्याचे वाद्य असे सगळे घेऊन याच बेटांवर जातो, म्हणून आपण मंगळवार-बुधवारसारखा दिवस निवडावा. पाण्यात रबरी बूट घालूनच उतरावे, कारण लगूनमध्ये सागरी साळिंदरे (तळाशी राहणारे काटेरी गोल जीव) असतात आणि क्वचित दगडासारखा दिसणारा विषारी मासाही. प्रवाळावर उभे राहू नये, शंख व पोवळी उचलून नेऊ नयेत. त्यास येथे बंदी आहे. डॉल्फिनच्या मागे बोटी धावतात हे मला स्वतःला पाहवत नाही. इंजिन मंद ठेवून लांब उभे राहा असे चालकाला सांगितले तर पुष्कळदा डॉल्फिनच जवळ येतात.

गाब्रिएलविषयी एक गोष्ट लिहावीशी वाटते, कारण चित्रफितींत ती येत नाही. १८५६ मध्ये कलकत्त्याहून मजूर घेऊन आलेल्या दोन जहाजांना पटकीच्या भीतीने बंदराबाहेर ठेवण्यात आले आणि त्यांतील माणसांना गाब्रिएलवर उतरवले गेले. तेथे पुरेसा निवारा नव्हता, पाणी नव्हते. अनेक जण तेथेच मेले. पुढे शेजारच्या इल प्लात या बेटावर विलगीकरणाची वस्ती उभारली गेली. तेथे दीपगृहाजवळ जुन्या भिंती आणि कबरी अजून आहेत. कोकणातून आलेले आमचे पूर्वज मुंबईहून निघत, त्यामुळे ती जहाजे आमची नव्हती, तरीही त्या वाळूवर मला मोठ्याने गाणी लावता येत नाहीत. आपले दीर तेथे गेलेच, तर बोट इल प्लातला थांबते का हे त्यांनी विचारावे.

चांदणवेल

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री ही सगळी उत्तरे घरात वाचून दाखवली. बेनितिए, मंगळवार, स्वतंत्र बोट आणि जेवण बोटीवर, असे ठरले आहे. दीर म्हणतात की ते आणि माझा पुतण्या गाब्रिएलला वेगळे जातील आणि इल प्लात पाहूनच येतील. ते वाचल्यापासून चित्रफितीचा विषय त्यांनी काढलेला नाही. एक प्रश्न उरला : जाऊबाईंनी औषध केव्हा घ्यावे?

उत्तरायण

बोट लागू लागल्यावर घेतलेली गोळी उलटीबरोबर बाहेर पडते, म्हणून ती निघण्यापूर्वी घ्यायची असते. कोणती आणि किती वेळ आधी, हे त्यांच्या डॉक्टरांना येथेच विचारून घ्या, कारण काही गोळ्यांनी झोप फार येते आणि त्या इतर औषधांबरोबर चालतीलच असे नाही. सकाळी उपाशी राहू नये, तेलकटही खाऊ नये. बोटीत मध्यभागी, शक्यतो मागच्या बाजूला बसावे, क्षितिजाकडे पाहावे आणि मोबाइलच्या पडद्याकडे पाहणे टाळावे. खाली केबिनमध्ये आडवे व्हायला मात्र त्यांना कोणी पाठवू नका. तेथे पाच मिनिटांत त्रास दुप्पट होतो. आणि सर्वांसाठी एकेक पातळ जाकीट ठेवा, कारण ऑगस्टमध्ये लगूनचे पाणी २२-२३ अंशांचे असते आणि ओल्या अंगावर तो आग्नेयेचा वारा लागला की मुलांचे दात वाजू लागतात.