स्टेंट बंद पडला म्हणजे पाय गेलाच असं नाही

मांडीतला स्टेंट (रक्तवाहिनी उघडी राहावी म्हणून आत बसवलेली जाळीची नळी) पुन्हा बंद पडला की पाय कापण्यावाचून इलाज नाही, असं म्हटलं जातं. ते साफ चूक आहे. नवी पेठेतून चालताना आमच्या काकांच्या पोटऱ्या पुन्हा भरून यायला लागल्या, तेव्हा सोलापुरातल्या डॉक्टरांनी घोट्याशी डॉपलर (रक्ताचा प्रवाह ऐकवणारं यंत्र) धरून रक्ताचा आवाज ऐकला आणि विचारलं, त्रास एकदम सुरू झाला की हळूहळू? बरंचसं त्यावरच ठरतं. एकदम सुरू झाला, म्हणजे रक्ताची गुठळी ताजी असेल तर नळीवाटे औषध सोडून विरघळवतात, नाहीतर ओढून काढतात. काकांच्या स्टेंटमध्ये आतून मांस वाढलं होतं, म्हणून पॅक्लिटॅक्सेल (अशी वाढ रोखणारं औषध) लावलेला फुगा आत नेऊन फुगवला. तेही जमलं नाही तर पायातलीच शीर वापरून बायपास, म्हणजे बंद भागाला वळसा घालून रक्ताला नवी वाट, करता येतो.

मात्र पाय अचानक गार, पांढरा पडला, बोटं हलेनाशी झाली तर सकाळपर्यंत थांबू नका. हातात काही तासच असतात.