'पोरॉसिटी'ला मराठीत काय म्हणायचं?

टीटीसीवाला: रबाळे एमआयडीसीत ॲल्युमिनियमच्या ओतकामात आहे. नवीन पोरांसाठी मराठीत दोन पानी सूचना लिहितोय. 'पोरॉसिटी'ला, म्हणजे ओतलेल्या धातूत राहून जाणाऱ्या भोकांना, 'सच्छिद्रता' लिहिलं, तर एकाने वाचून विचारलं, "साहेब, म्हणजे जाळी का?" दुसरं काही सुचतंय?

अनुस्वार: 'सच्छिद्र' हे गुणाचं विशेषण आहे. माठ सच्छिद्र असतो, असायलाच हवा, नाहीतर पाणी गार कसं होणार? तुमच्याकडे तो दोष आहे. सरळ 'भोकं' लिहा.

टीटीसीवाला: शॉपमध्ये भोकंच म्हणतात, आणि तिथेच घोळ होतो. भोकं दोन जातींची. जॉब, म्हणजे ओतलेला भाग, मोडून पाहिला की एक जात गोल, आतून गुळगुळीत, चकचकीत. तो हायड्रोजन. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये तो भरपूर विरघळतो, पण धातू घट्ट होताना जेमतेम विसावा हिस्सा आत राहू शकतो, उरलेला बुडबुडे होऊन अडकतो. येतो कुठून? ओलाव्यातून. जुलैत ओलसर इंगट, म्हणजे ॲल्युमिनियमची लादी, तसाच भट्टीत टाकला की झालंच. दुसरी जात वेडीवाकडी, खरखरीत, बहुतेक जाड भागात. ॲल्युमिनियम थिजताना साधारण 6 टक्के आकसतं, आणि जाड भाग शेवटी थिजतो. तोवर त्याला रस, म्हणजे वितळलेला धातू, पुरवणारी वाट बंद झालेली असते. मागच्या पावसाळ्यात एक अख्खी बॅच भंगारात गेली. दोष गॅसचा होता आणि आम्ही आठवडाभर रायझर, म्हणजे थिजणाऱ्या जॉबला रस पुरवणारे साच्यातले जादा साठे, मोठे करत बसलो. दोन्हींना एकच शब्द, दुसरं काय!

सानपाड्याची सुगरण: अहो, हे तर तुपाचं झालं! कढवलेलं तूप बरणीत थिजलं की मधोमध खळी पडते. कडा आधी थिजतात, मधलं शेवटी. 'खळी' घ्या की.

अनुस्वार: सुंदर. पण खळी वरून दिसते, गालावरची असो की तुपातली. आत दडलेली ती 'पोकळी'.

टीटीसीवाला: ताई, 'खळी' मी घेतलाच! रायझरच्या डोक्यावर ती पडायलाच हवी, म्हणजे त्याने जॉबला रस पाजला. रायझर वरून सपाट दिसला की मला धडकी भरते. मग जॉबच्या आत 'आकसाची पोकळी' आणि हायड्रोजनचं ते 'गॅसचं भोक'. 'फुगा' नको, उष्णोपचारात पृष्ठभागावर येतो त्याला आम्ही फुगा म्हणतो.

सानपाड्याची सुगरण: आणि सावकाश थिजलेलं तूप रवाळ होतं. फ्रिजमध्ये घातलं की रवा धरत नाही. तुमच्याकडेही तसंच का?

टीटीसीवाला: अगदी तसंच, फक्त आवडनिवड उलटी. तेच 7 टक्के सिलिकॉनचं मिश्रण वाळूच्या साच्यात ओतलं तर हळू थिजतं, रवा जाड. लोखंडी डायमध्ये पटकन थिजतं, रवा बारीक, स्फटिकांच्या फांद्याही जवळजवळ, आणि जॉब जास्त ताकदीचा. तुमचं रवाळ तूप वाखाणतात, आमचा रवाळ जॉब परत येतो. 'ग्रेन'ला 'कण' लिहिलं होतं, आता खोडून 'रवा' करतो.

अनुस्वार: मग 'सॉलिडिफिकेशन'ला 'घनीभवन' नको, 'थिजणं'च ठेवा. 'गोठणं' म्हटलं की बर्फ आठवतो आणि 660 अंशांवर बर्फ पटत नाही.

टीटीसीवाला: मान्य. आता एकच अडलंय, 'कोल्ड शट'. रसाचे दोन प्रवाह समोरासमोर येतात, पण गार झाल्यामुळे आणि वरच्या ऑक्साइडच्या सालीमुळे एकजीव होत नाहीत. वरून केसासारखी रेघ दिसते. पोरं ती पाहून भट्टी वाढवतात, मग गॅस वाढतो आणि पुन्हा भोकं. आधी डाय पुरेशी तापली का बघा, हेही लिहायचंय.

अनुस्वार: 'शीतसंधी'?

टीटीसीवाला: शीतयुद्धाची धाकटी बहीण वाटते.

सानपाड्याची सुगरण: 'न सांधलेला जोड' म्हणा. करंजीच्या कडा सुकल्या की दाबूनही सांधत नाहीत, तळताना तिथूनच सारण बाहेर येतं.