मदत हवी आहे: जी६पीडी कमी असल्याने प्रतिकारशक्तीही कमी होते का?

धानोरा_तालुका
नमस्कार. माझ्या पुतण्याच्या रक्तात जी६पीडी हे विकर (एन्झाइम) कमी असल्याचा अहवाल आला आहे. डॉक्टर म्हणतात की हा केवळ लाल पेशींचा प्रश्न आहे. औषधनिर्माण शिकलेले आमचे एक नातलग सांगतात की जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही हेच विकर लागते. मुलाला वारंवार ताप येतो, त्यामुळे घरचे धास्तावले आहेत. खरे काय, ते कृपया लवकर सांगावे.

वैनगंगाकाठ
आपल्या भागात आधी सिकलसेलची चाचणी करून घ्यावी. आमच्या घरी तिचा फार उपयोग झाला.

रक्तपेढीताई
सिकलसेलचे जनुक वेगळे आहे आणि भाऊंचा प्रश्नही तो नाही. भाऊ, मुलाचे वय किती, आणि ही तपासणी कशामुळे करावी लागली, हे आपण लिहिलेले नाही.

तोवर मूळ प्रश्नाविषयी लिहिते. दोघांचेही म्हणणे खरे आहे. हे विकर पेशीत एनएडीपीएच (रासायनिक कामांना इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू) तयार करते. लाल पेशीला तो मिळवण्याचा दुसरा मार्ग नसतो, म्हणून काही औषधांनी तिच्यावर ऑक्सिडीकरणाचा ताण आला की तिचे संरक्षक ग्लुटाथायोन संपते आणि पेशी फुटते. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीत मात्र त्याच एनएडीपीएचपासून सुपरऑक्साइड (ऑक्सिजनचे तीव्र, मारक रूप) तयार होते आणि गिळलेला जंतू मारला जातो. शिवाय त्या माऱ्यातून पेशीला स्वतःला वाचवणारे ग्लुटाथायोनही त्याच्याच बळावर पुन्हा तयार होते. म्हणजे दाह पेटवणे आणि तो आवरणे, ही दोन्ही कामे एकाच विकरावर अवलंबून आहेत. तरीही लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि केंद्रक नसल्याने तिला नवे विकर बनवता येत नाही, तर न्यूट्रोफिल थोडेच दिवस जगते. त्यामुळे नेहमीच्या कमतरतेची झळ लाल पेशींनाच बसते. पांढऱ्या पेशींत विकर जवळजवळ नसेल तरच वारंवार जंतुसंसर्ग होतो, आणि ते फार क्वचित घडते.

मोहफूल
गुळवेलीचा काढा सुरू करावा, प्रतिकारशक्ती आपोआप वाढेल. लाखोळीची डाळही बंद करावी.

रक्तपेढीताई
लाखोळीचा संबंध पायांच्या लुळेपणाशी आहे, या विकराशी नाही. इथे टाळायचा तो बाकला (फावा बीन, एक शेंगभाजी). ज्या मुलाच्या लाल पेशी फुटत असतील, त्याला डॉक्टरांना न विचारता कोणताही काढा देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

मोहफूल
आमच्या आजीने तोच काढा देऊन चार मुले वाढवली.

धानोरा_तालुका
वय ९ वर्षे. हिवतापाच्या १४ दिवसांच्या गोळ्या सुरू होत्या, तिसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली, म्हणून त्या बंद केल्या. ताप त्यानंतर दोनदा आला.

रक्तपेढीताई
हेच आधी लिहायला हवे होते. ती गोळी प्रायमाक्विन असावी, आणि ती व्हायवॅक्स हिवतापात यकृतात दडून राहिलेले परजीवी मारण्यासाठी देतात. ती अर्धवट राहिली तर तोच हिवताप पुन्हा उलटू शकतो. त्यामुळे प्रतिकारशक्तीवर शंका घेण्याआधी ताप असताना रक्त तपासून घ्यावे. या कमतरतेत प्रायमाक्विन आठवड्यातून एकदा, ८ आठवडे, देखरेखीखाली देण्याची पद्धत आहे. मुलाला ती चालेल का, हे डॉक्टरांनाच विचारावे. रोजच्या उरलेल्या गोळ्या घरी मात्र अजिबात देऊ नयेत.

धानोरा_तालुका
दोन्ही वेळा रक्त तपासलेच नव्हते, ताई. उद्या सकाळी पुतण्याला घेऊन निघतो.