सेजमॅथ: रिक्षाभाड्याचा आलेख शून्य किलोमीटरला उणे का जातोय?

कोथरूडची_गणितताई

नमस्कार मंडळी. मी घरीच नववी-दहावीच्या शिकवण्या घेते. शनिवारच्या बॅचला आलेख घ्यायचेत. पुस्तकातलं 'दोन एक्स अधिक तीन' काढलं की पोरं जांभया देतात, म्हणून या वेळी पुण्याचं रिक्षाभाडं घेतलंय. दर १ सप्टेंबर २०२२ पासूनचा धरलाय: पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढे दर किलोमीटरला १७. म्हणजे आधी आडवी रेघ, दीडवर कोपरा आणि तिथून सरळ चढ. कागदावर पट्टीने दोन मिनिटांत होणारं काम.

सेजमॅथ हे गणिताचं मोफत सॉफ्टवेअर वापरतेय, तेही ब्राउझरमधलं सेजमॅथसेल. लॅपटॉपवर काही इन्स्टॉल केलेलं नाही. खालचं सगळं मोबाइलवरून देवनागरीत टाकतेय. मूळ ठिकाणी कीवर्ड इंग्रजीतच आहेत, फंक्शनचं नाव तेवढं मुद्दाम मराठीत ठेवलंय.

डेफ भाडे(एक्स):
    इफ एक्स <= १.५:
        रिटर्न २५
    एल्स:
        रिटर्न २५ + १७*(एक्स - १.५)

प्लॉट(भाडे(एक्स), ०, १०)

एरर काहीच नाही, आलेख लगेच येतो. पण येते ती एकच तिरकी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोपरा कुठेच नाही. झूम केल्यावर दिसलं की शून्य किलोमीटरला भाडं उणे ०.५० आहे. म्हणजे मी रिक्षात पायही ठेवला नाही, तर रिक्षावालाच मला आठ आणे देणार. आणि तेही पुण्यात!

गंमत अशी की भाडे(१) विचारलं तर २५ येतात, भाडे(४) विचारलं तर ६७.५०. दोन्ही बरोबर. आलेखावर मात्र १ किलोमीटरला साडेसोळा रुपये दिसतात. फंक्शन बरोबर आणि आलेख चूक, हे कसं काय? शुक्रवार रात्रीपर्यंत उत्तर मिळालं तर फार बरं होईल.

नाना_धायरी

ताई, फंक्शनचं नाव इंग्रजीत करून बघा. मराठी अक्षरांनी गडबड होत असेल. नाहीतर ब्राउझरची कॅश साफ करा.

पाषाणचा_आकडेमोड्या

नाना, नावाचा काही संबंध नाही. सेज ज्या प्रोग्रामिंग भाषेवर चालतं ते पायथन ३ देवनागरी नावं बिनतक्रार घेतं, आणि भाडे(४) बरोबर येतंय म्हणजे फंक्शन धडधाकट आहे. कॅश बिचारीला तर या प्रकरणात ओढूच नका.

ताई, सेलमध्ये प्लॉट वगैरे काही न लिहिता नुसतं भाडे(एक्स) लिहून चालवा. उत्तर येईल: १७*एक्स - ०.५, त्या पाचापुढे शून्यांची लांबलचक शेपटी. तुमचं 'उणे आठ आणे' ते हेच. म्हणजे आलेख काढायला सुरुवात होण्याआधीच तुमची इफची अट निकालात निघालेली असते.

असं होतं कारण प्लॉट(भाडे(एक्स), ०, १०) लिहिल्यावर पायथन आधी आतला कंस सोडवतं. भाडे(एक्स) किती? आता हा एक्स म्हणजे कुठलीही संख्या नव्हे. सेज सुरू होताना आपण होऊन तयार ठेवतं ते चिन्ह आहे, फळ्यावर आपण 'समजा एक्स' म्हणतो ना, तसलं. फंक्शनमध्ये पहिलीच ओळ येते, एक्स १.५ पेक्षा लहान किंवा समान आहे का? पायथनच्या इफला हो किंवा नाही यातलं एक उत्तर तिथल्या तिथे लागतं, 'नंतर सांगतो' त्याला चालत नाही. सेजला ती असमानता खरी आहे असं सिद्ध करता येत नाही, म्हणून ते 'खोटं' सांगून मोकळं होतं. झालं, एल्स लागला. प्लॉटच्या हातात पडलं ते फक्त १७*एक्स - ०.५, आणि त्याने ते इमानदारीत काढून दिलं.

खात्री करायची असेल तर अट खरी की खोटी ते सांगणारं बूल(एक्स <= १.५) चालवा. फॉल्स येईल. मग बूल(एक्स > १.५) चालवा. तेही फॉल्स! वर्गात हे जरूर दाखवा. इथे फॉल्सचा अर्थ 'खरं असल्याचं सिद्ध झालं नाही' एवढाच.

उपाय एका कंसाचा आहे:

प्लॉट(भाडे, ०, १०)

एक्स काढून टाका. आता तुम्ही प्लॉटला फंक्शनच देताय, त्याचं आधीच काढलेलं उत्तर देत नाही. प्लॉट स्वतः ०.०५, ०.१ अशा खऱ्या संख्या घालून दर वेळी भाडे विचारेल आणि दर वेळी इफ नीट चालेल. मूळात २०० बिंदू घेतो, म्हणजे तुमच्या १० किलोमीटरवर साधारण दर ५० मीटरला एक, आणि रेघ जिथे वळते तिथे आणखी घेतो. बिंदू मुद्दाम किंचित इकडेतिकडे सरकवतो, त्यामुळे तोच आलेख पुन्हा काढला की कोपरा केसभर वेगळा दिसेल. घाबरू नका.

सूत्र म्हणून पुढे डेरिव्हेटिव्ह वगैरे काढायचं असेल तर तुकड्यातुकड्यांनी सूत्र लिहायचं सेजचं पीसवाइज वापरा, नववी-दहावीला त्याची गरज नाही. वापरलंत तर एक लक्षात ठेवा, गोल कंसातल्या मध्यांतरात टोकं धरली जात नाहीत. (०, १.५) आणि (१.५, १०) असं लिहिलं आणि नेमकं १.५ ला भाडं विचारलं, की एरर. निदान एका बाजूला चौकोनी कंस द्या.

जाता जाता: हेच फंक्शन मॅक्सिमा या दुसऱ्या गणिती सॉफ्टवेअरमध्ये लिहून तिथल्या आलेख काढणाऱ्या प्लॉट२डी ला भाडे(एक्स) दिलंत तर आलेख बरोबर येतो. मॅक्सिमाचा इफ ठरवता आलं नाही तर अट तशीच धरून ठेवतो. सेजच्या पोटात मॅक्सिमा आहेच, पण डेफच्या आतला इफ पायथनचा, तिथे मॅक्सिमाचं चालत नाही.

वाकड_ते_वारजे

एवढं इफ-एल्स कशाला? दोन्ही तुकडे दीडला २५ वरच भेटतात. भाडं म्हणजे २५ आणि १७*एक्स - ०.५ यांतलं मोठं असेल ते. मॅक्स(२५, १७*एक्स - ०.५). एका ओळीत काम.

कोथरूडची_गणितताई

पाषाणकर, कंस काढला आणि कोपरा आला! मनापासून आभार. बूलची दोन्ही फॉल्स बघून घरात एकटीच हसले.

वाकडकर, तुमची युक्ती मुलांना जास्त आवडेल, पण प्लॉट(मॅक्स(२५, १७*एक्स - ०.५), ०, १०) केलं तर आता शून्यापासून दहापर्यंत सपाट २५. मघाशी रिक्षावाला पैसे देत होता, आता १६९.५० च्या जागी २५ घेतोय.

पाषाणचा_आकडेमोड्या

रोग तोच, फक्त पडला दुसऱ्या कुशीवर. मॅक्स हाही पायथनचा. तो पहिली किंमत हातात धरतो आणि विचारतो, दुसरी हिच्याहून मोठी आहे का? सिद्ध होत नाही, म्हणून 'नाही', आणि पहिलीच परत. क्रम उलटा करून बघा, १७*एक्स - ०.५ आधी आणि २५ नंतर. मघाचीच तिरकी रेघ उणे आठ आण्यांसकट हजर होईल.

यासाठी सेजमध्ये वेगळं फंक्शन आहे, मॅक्स_सिंबॉलिक. ते उत्तर ठरवायची घाई करत नाही, एक्सच्या जागी संख्या येईपर्यंत थांबतं. ते घाला, बाकी ओळ तशीच ठेवा.

हिंजवडी_शटल

ऑक्टेव्ह हे आणखी एक गणिती सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो, कारण मला हुबेहूब हीच रेघ तिथे मिळाली होती आणि कारण निराळं निघालं. तिथे एक्स चिन्ह नसतो, लिनस्पेस(०, १०, २००) ने केलेली २०० संख्यांची अख्खी रांग असते. इफला रांग दिली की सगळ्याच्या सगळ्या संख्या अटीत बसल्या तरच तो 'खरं' धरतो. इथे काही बसतात, काही बसत नाहीत, म्हणून पुन्हा एल्स, आणि तोही सगळ्यांना सरसकट. चूं नाही की चां नाही. पायथनच्या नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीत असलं केलं तर ते निदान भांडतं, रांगेचं खरं-खोटं एका शब्दात सांगता येत नाही म्हणून एरर देतं. मला ते परवडतं.

ऑक्टेव्हमध्ये इफ काढून असं लिहा:

२५*(एक्स <= १.५) + (१७*एक्स - ०.५) .* (एक्स > १.५)

मधल्या गुणाकाराआधीचा टिंब विसरू नका. वाकडकरांचं मॅक्स मात्र इथे सरळ चालतं, ते रांगेतल्या एकेका संख्येला वेगळं बघतं.

शनिवारपेठी

सगळं ठीक आहे, पण मीटर असा तिरक्या रेघेत चढतो का? तो उड्या मारतो. आकडा काही वेळ थांबतो आणि मग एकदम बदलतो. मुलं रोज रिक्षाने येतात, ती तुम्हाला तिथल्या तिथे पकडतील.

पाषाणचा_आकडेमोड्या

बरोबर बोललात, आणि त्याचा आलेख काढायला जास्त मजा आहे. टप्पा किती ते मीटरकडे बघून ठरवा, मी उदाहरणाला एक रुपयाचा धरतो. फ्लोअर(१७*एक्स - ०.५) घ्या, फ्लोअर म्हणजे खालच्या पूर्ण संख्येवर आणणं, आणि फक्त १.५ ते ३ किलोमीटरचा भाग काढा. तेवढ्यातच २६ पासून ५० रुपयांपर्यंत २५ उड्या आहेत. दहा किलोमीटरचा काढलात तर पायऱ्या दिसणारच नाहीत, रेघ नुसती खरखरीत वाटेल. फ्लोअर सेजचा असल्याने तो एक्ससाठी थांबतो, इथे कंसाची भानगड नाही.

एक अडचण येईल. दोन पायऱ्यांच्या मध्ये उभ्या रेघा दिसतील, कारण प्लॉट शेजारशेजारचे बिंदू जोडतच जातो. मीटर २६ वरून २७ वर जाताना मधलं साडेसव्वीस कधी दाखवत नाही, तेव्हा ती उभी रेघ खोटी आहे. त्यासाठी एक्सक्लूड नावाचा पर्याय आहे, त्याला उड्यांच्या जागांची यादी द्यायची. जागा सोप्या आहेत, एन रुपयांची उडी (एन + ०.५)/१७ किलोमीटरला. एन २६ ते ५० घ्या. पहिली येते साधारण १.५६ ला. यादी एका ओळीत होते:

[(एन + ०.५)/१७ फॉर एन इन रेंज(२६, ५१)]

रेंजमध्ये ५१ लिहा, पायथन शेवटचा आकडा धरत नाही.

कोथरूडची_गणितताई

झालं, पायऱ्या सुट्या सुट्या आल्या. आडवा अक्ष १.५ पासून सुरू होतोय, तो शून्यापासून हवा असेल तर एक्समिन ० दिलं की पुरेल ना, की प्लॉटची मर्यादाच बदलावी लागेल?

पाषाणचा_आकडेमोड्या

मर्यादा बदललीत तर दीडच्या आतही फ्लोअर चालेल आणि आठ आणे पुन्हा उगवतील, या वेळी खाली गोल होऊन उणे एक रुपया. आडवा तुकडा वेगळा काढा, प्लॉट(२५, ०, १.५), आणि दोन आलेखांमध्ये अधिकचं चिन्ह टाका. सेज दोन्ही एकाच चित्रात जोडून देतं, अक्ष आपोआप शून्यापासून येतो.