क्लच कव्हरच्या बोल्टातून ऑईल झिरपतंय, थ्रेडलॉकर निळं लावू की लाल? (ठाणे)

कळव्याचा_रायडर
मंडळी, १५० सीसीची गाडी आहे, नऊ वर्षं जुनी. रोज कळवा ते महापे. गेल्या महिन्यात क्लच प्लेटा बदलल्या, तेव्हापासून कव्हरच्या खालच्या एका बोल्टाभोवती ऑईल जमतंय. रात्री पुसलं तरी सकाळी थेंब हजर. गॅरेजवाल्याने टेफ्लॉन टेप गुंडाळून बोल्ट बसवला, ते आठ दिवस टिकलं. आता म्हणतो, लाल लॉकटाईट (आट्यांत घट्ट होऊन बोल्ट सैल होऊ न देणारं थ्रेडलॉकर) लावू, कायमचं काम होईल. बोल्ट ६ एमएमचा, ८ चा पाना लागतो. लावू देऊ का? पावसाच्या आत उरकायचंय.

माजिवडा_टू_माळशेज
लाल नको! थांबा जरा.

वागळेतला_फिटर
दादा, लाल लावू देऊ नका. माझ्या गाडीला एकाने लावलं होतं. पुढच्या वेळी कव्हर उघडताना बोल्टाचं डोकं तुटून पान्यात आलं, दांडा केसिंगमध्येच राहिला. ड्रिल मारताना ॲल्युमिनियमचे आटे गेले आणि शेवटी लेथवाल्याकडे हेलिकॉईल (नव्या आट्यांसाठी तारेची गुंडाळी) बसवावी लागली. लाल २७१ नंबरचं लॉकटाईट हाताने सुटलं नाही तर साधारण २५० डिग्रीपर्यंत तापवावं लागतं. ऑईल सीलच्या शेजारी एवढी आग कोण धरणार?

आधी तेल नक्की कुठून येतंय ते बघा. तो भाग पेट्रोलने पुसून कोरडा करा, वर टाल्कम पावडर भुरभुरा आणि दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा. ओली रेघ बोल्टाच्या डोक्यापासून निघाली तर बोल्ट, सांध्यातून निघाली तर पॅकिंग. पॅकिंग गेलं असेल तर कुठलंच थ्रेडलॉकर उपयोगाचं नाही, नवीन पॅकिंगच टाका.

बोल्टच असेल तर त्याचं भोक आत आरपार गेलेलं असणार. तेल आट्यांतून वर चढतं. तिथे निळं २४३ नंबरचं लावा. ते आटे धरतं आणि सीलही करतं, १८० डिग्रीपर्यंत टिकतं आणि साध्या पान्याने सुटतं. थोडा तेलकटपणा ते सोसतं, तरी बोल्ट आणि भोक दोन्ही ब्रेक क्लीनरने धुवाच. टेपचे तुकडे टोकदार चिमट्याने वेचून काढा, आत गेले तर ऑईलच्या वाटेत अडकतात.

गाडी साइड स्टँडवर डावीकडे कललेली ठेवा, म्हणजे तेल उजव्या कव्हरपासून लांब राहील. आट्यांवर एकच थेंब पुरे. मॅन्युअलमधला टॉर्क (आवळण्याचा जोर) पाळा, ॲल्युमिनियममधल्या ६ एमएमला तो बहुधा १० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. टॉर्क पाना नसेल तर कोणाचा तरी मागून आणा, अंदाजाने आवळू नका. मग २४ तास गाडीला हात लावू नका. हे थ्रेडलॉकर हवा तुटली आणि धातू लागला की घट्ट होतं, म्हणून बाहेर आलेला थेंब ओलाच दिसेल, तो पुसून टाका.

नेरुळ_ते_लोणावळा
हेच सायलेन्सरच्या नटांना आणि ड्रेन बोल्टालाही चालेल का?

वागळेतला_फिटर
नाही. सायलेन्सरला कॉपर अँटी-सीझ (नट जाम होऊ न देणारी तांब्याची पेस्ट) लावा, तिथली उष्णता याला झेपत नाही. ड्रेन बोल्टाला काहीच लावायचं नाही, फक्त वायसर नवीन घाला. फेअरिंगच्या प्लॅस्टिकलाही लागू देऊ नका, काही प्लॅस्टिकना तडे जातात.

कळव्याचा_रायडर
काका, खूप आभार. पावडर टाकली तर रेघ सरळ बोल्टाच्या डोक्यापासूनच निघाली. बोल्ट काढला तर आट्यांत टेपचा पांढरा दोरा पिळून बसलेला! वागळे इस्टेटमधल्या बेअरिंगच्या दुकानातून २४३ ची १० मिलीची बाटली आणली. शनिवारी रात्री लावलं, रविवारभर गाडी उभी ठेवली. आज बारावा दिवस. रोज रात्री खाली कागद ठेवतो, कोराच असतो. एक शंका मात्र आहे, नवी बाटली अर्धी रिकामी कशी? डुप्लिकेट तर नाही ना?

वागळेतला_फिटर
अहो, तेवढी हवा मुद्दाम ठेवलेली असते, नाहीतर बाटलीतच घट्ट होईल. फक्त नोझल बोल्टाला टेकवत जाऊ नका. धातूचा कण आत गेला की तोंड बंद होतं.