बोट बांधायला दिलीय, लांबून लक्ष कसं ठेवू?

सुकाणू:
२६ फुटी फायबरची बोट बनवून घेतोय. हल, म्हणजे बोटीचं खालचं अंग, मोल्डमधून निघालाय, गेलकोट (बाहेरचा रंगीत थर) आरशासारखा चमकतोय, पण यार्ड लांब आहे आणि बनवणारा आठवड्याला एकच फोटो पाठवतो, तोही बाहेरूनच. नेमकं काय दाखवायला सांगू?

डोलकाठी:
चमक बघून भुलू नका राव, गेलकोट जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो, खरी बोट त्याच्या आत. डेक बसायच्या आधी एकदा स्वतः जाऊन याच, कारण वर झाकण पडलं की स्ट्रिंगर (तळाला लांबीत बसवलेले आधार), टाकीखालची जागा वगैरे परत नीट दिसत नाही. बल्कहेड, म्हणजे आतली आडवी भिंत, हलला जिथे चिकटवलाय ते पट्टे नाण्याने ठोकून बघा, खणखणीत आवाज यायला हवा, बद्द आला तर आत बहुतेक हवा राहिलीय.

नांगरवाला:
+१. वायरी नि पाइप कुठून गेलेत त्याचे फोटो पण घ्या, शेजारी मोजायची टेप धरून. मी नाही घेतले आणि नंतर पंपासाठी भोक पाडताना वायरच कापली 🤦 डेकच्या आत बाल्सा (हलकं लाकूड) असेल तर प्रत्येक भोकाची कड इपॉक्सीने बंद केलीय का विचारा, नाहीतर पाणी मुरून आतून कुजतो.

सुकाणू:
बापरे, टाकीचं डोक्यातच नव्हतं. तो तर शनिवारी डेक लावतो म्हणतोय.

डोलकाठी:
मग शुक्रवारीच धडका. आणि पुढचा हप्ता बघून आल्यावरच द्या.